आमचा डी5

तळहातावर उभा राहील एवढाच त्याचा आकार. उचलला की मात्र वजन हाताला लागतं. अंगावर दिवे नाहीत, काच नाही. पाठीला स्क्रूड्रायव्हरने फिरवायची एक बारीक चकती आणि तिच्यावर 1 ते 5 आकडे. बाजूने वायरी बाहेर आलेल्या, वीज घेणारी आणि आपण किती वेगाने फिरतोय ते मदरबोर्डला कळवणारी. दुकानाच्या काउंटरवर ठेवला तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बघणार नाही, असं रूप.

घरचा कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायचं ठरलं की लोक रेडिएटर किती मोठा, नळ्या कुठल्या रंगाच्या, टाकी चमकते का, इथून सुरुवात करतात. मी पंपापासून, म्हणजे या डी5 पासून करते. पंखे वगळले तर त्या अख्ख्या संचात हलणारा तो एकटा. प्रोसेसरवरचा तांब्याचा ब्लॉक जागचा हलत नाही, रेडिएटर हलत नाही, नळ्या जिथे वळवल्या तिथे वर्षानुवर्षं पडून असतात. पाणी चालतं ते याच्या जोरावर. हा थांबला तर काही मिनिटांत प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जीव वाचवायला आपला वेग पाडून घेतात, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर कॉम्प्युटर बंद होतो.

त्याला उघडून बघितल्यापासून मी त्याची आहे. साध्या पंपात मोटर एकीकडे, पाणी दुसरीकडे आणि दोघांना जोडणारा शाफ्ट मधल्या भिंतीतून आरपार गेलेला असतो. जिथे शाफ्ट भिंत ओलांडतो तिथे सील लागतं, सील झिजतं आणि गळती तिथूनच लागते. डी5 ला शाफ्टच नाही. आत गोलाकार खळग्याची पातळ पोलादी भिंत आहे. तिच्या मधोमध टोकावर सिरॅमिकची एक बारीक गोळी, आणि त्या गोळीवर उपड्या वाटीसारखा टेकलेला चुंबकाचा रोटर. तारांची वेटोळी भिंतीच्या कोरड्या बाजूला. त्यांचं चुंबकत्व भिंतीपलीकडून या रोटरला फिरवतं आणि खालीही ओढून धरतं. भिंतीला भोक नाही, म्हणून सील नाही. रोटर बोटांनी वर ओढला की चुंबकाची ओढ जाणवते, मग तो सुटून हातात येतो. पुसायचा, परत ठेवायचा, आपली जागा तो आपणच शोधतो. गोळी झिजली तर रोटर तेवढाच खाली बसतो, पण डगमगत नाही. झीज पोटात घेऊनही खडखड न करणारं यंत्र मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

घराणं जर्मन. श्टुटगार्टजवळच्या लाइंग कुटुंबाचं. कॉम्प्युटर या कुटुंबाच्या मनातही नव्हता. घरातल्या गरम पाण्याच्या नळांत पाणी फिरतं ठेवणं, म्हणजे नळ उघडला की आधी बादलीभर गार पाणी वाया जायला नको, हा यांच्या पंपांचा धंदा. सूर्यबंबाचं पाणी फिरवायलाही याच गोल मोटरीचे भाऊबंद लागतात. म्हणजे थांबायचं नाही, आवाज करायचा नाही आणि गरम पाण्यात राहायचं, ही त्याची जन्मापासूनची नोकरी. पुढे लाइंग कंपनी आयटीटी या अमेरिकन उद्योगाकडे गेली. 2011 मध्ये आयटीटीचा पाण्याचा कारभार झायलेम या नावाने वेगळा झाला, तेव्हा डी5 तिकडे. कॉम्प्युटरच्या बाजारात तो निरनिराळ्या कंपन्यांच्या झाकणांखाली आणि निरनिराळ्या नावांनी विकला जातो. झाकण काढा, आत तोच.

त्याच्या आधी हे काम कोण करत होतं? 1990 च्या दशकाच्या शेवटी हौशी मंडळींनी प्रोसेसर वाजवीपेक्षा जोरात पळवायला सुरुवात केली तेव्हा पाण्याचे तयार संच दुकानात मिळत नव्हते. गाडीच्या हीटरमधला छोटा रेडिएटर भंगारातून आणायचा, ब्लॉक लेथवर कापून घ्यायचा आणि पंप माशांच्या टाकीचा. जर्मनीच्याच आइहाइम कंपनीचे पंप त्यात फार चालले. गुणी आणि शांत होते, पण चालायचे भिंतीतल्या विजेवर. कॉम्प्युटर चालू केला आणि पंपाचं बटण दाबायचं राहिलं की संपलं. डी5 बारा व्होल्टवर, कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधूनच वीज घेतो. कॉम्प्युटर जागा झाला की हाही जागा. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा दोघे एकदमच बंद पडतात. पंप थांबला तशी उष्णताही थांबली, त्यामुळे काही बिघडत नाही. ही गोष्ट मी विचारणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगते, कारण नागपुरात पहिला प्रश्न तोच येतो.

दुसरा प्रश्न येतो तो गारव्याचा. इथे घरोघरी खसच्या ताट्या लावलेला कूलर असतो, त्यातही छोटा पंप असतो, तोही पाणी फिरवतो आणि भर मे महिन्यात खोली निववतो. म्हणून लोकांना वाटतं की कॉम्प्युटरमधलं पाणीही गार असणार. कूलरमधलं पाणी उडून जातं आणि जाताना हवेची उष्णता घेऊन जातं, म्हणून तर त्याला रोज बादल्या ओताव्या लागतात. डी5 च्या संसारातलं पाणी बंद वाटेवर आहे, ते उडत नाही. ते उष्णता एका जागेवरून उचलतं, रेडिएटरच्या पात्यांवर उतरवतं आणि परत फिरतं. त्यामुळे ते खोलीच्या हवेपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. खोली 30 अंशांवर असेल तर चांगल्या संचात पाणी 40 च्या आसपास राहतं. कूलर बंद आहे, दुपारचे तीन वाजलेत आणि खोली 38 वर गेली, तर पाणी 48. भागतं, पण मग घट्ट पारदर्शक नळ्यांमधली पीईटीजी ही जात मी घेऊ देत नाही. ती 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि आपला उन्हाळा तिला फार जवळ नेऊन ठेवतो. आणखी एक: पाणी खोलीपेक्षा गरमच असतं म्हटल्यावर नळ्यांवर दव धरायचा प्रश्न उरत नाही. ती भीती सोडून द्यावी.

पाण्याचं सामर्थ्य गारव्यात नाहीच, ते वाहून नेण्यात आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते तेवढीच एक लिटर हवेला दिली तर ती हिशेबाने साडेतीन हजार पट अधिक तापेल. पाचशे वॉट उष्णता ओतली तरी लिटरभर पाण्याला एक अंश चढायला आठ-नऊ सेकंद लागतात. म्हणून पंखे प्रोसेसरच्या तापमानावर बांधू नयेत, पाण्याच्या तापमानावर बांधावेत. प्रोसेसर क्षणात उसळतो, क्षणात निवतो, आणि पंखे त्याच्यामागे धावत सुटले की खोलीत बसवत नाही. पाणी सावकाश चढतं, सावकाश उतरतं. डी5 मिनिटाला तीन लिटर फिरवत असेल तर त्या पाचशे वॉटांनी एका फेरीत पाण्यात पडणारा फरक अडीच अंशांच्या आत. त्यामुळे आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक कार्ड, मधे रेडिएटर घालू का, ही चर्चा रात्र-रात्र करण्याइतकी महत्त्वाची नाही. क्रम एकच पाळायचा: टाकीनंतर लगेच पंप, आणि टाकी त्याच्या वर.

कारण त्याचा स्वभाव. गरम पाणी चालतं, रात्रंदिवस काम चालतं, पण कोरडं राहणं त्याला सोसत नाही. त्या सिरॅमिकच्या गोळीला तेल-ग्रीस काही नाही, वंगण म्हणजे अंगावरून वाहणारं पाणीच. पाणी नसताना थोडा वेळ जरी फिरवला तरी गोळीला इजा होते, आणि ती भरून येत नाही. शिवाय खालून पाणी ओढून घेणं त्याला जमत नाही, ते वरून त्याच्या तोंडाशी आयतं यावं लागतं.

संच पहिल्यांदा भरतात तो दिवस म्हणून सबुरीचा. आधी हवेने गळती तपासायची. हातपंपाने आत थोडा दाब द्यायचा आणि मीटरचा काटा खाली येतो का ते बघत बसायचं. आला नाही तर टाकीत पाणी ओतायचं. बाकी कशालाही वीज द्यायची नाही. एसएमपीएसच्या चोवीस पिनांच्या कनेक्टरवर छोटा जंपर लावून फक्त पंप जागा करायचा. टाकी उतरली की बंद, पुन्हा ओतायचं, पुन्हा सुरू. पहिल्या दहा मिनिटांत तो खरखरतो, गुरगुरतो, फेस काढतो. घाबरायचं नाही, हवा जाते आहे. कॅबिनेट डावीकडे कलवायचं, उजवीकडे कलवायचं, पुढे झुकवायचं. रेडिएटरच्या कोपऱ्यात दडलेले बुडबुडे टाकीकडे येतात. जोडांखाली टिश्यू पेपर पसरून रात्रभर तसाच चालू ठेवायचा. सकाळी पेपर कोरडे आणि पंप गप्प असेल तर बाकीच्या वायरी जोडायला हरकत नाही.

गप्प म्हणजे किती? आकडा 5 वर त्याचा वेग मिनिटाला 4800 फेऱ्यांच्या आसपास जातो, आणि तेव्हा तो बारीक सुरात किणकिणतो. 2 किंवा 3 वर ठेवला की कान लावावा लागतो. पाण्याचा प्रवाह एका मर्यादेपुढे वाढवून तापमानात जेमतेम अंशभराचा फरक पडतो, मग त्याला पाचवर राबवायचं कशाला? पण एक पाळावं. त्याला कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट स्क्रूने आवळू नये. त्याची थरथर पत्र्यात उतरते आणि अख्खं कॅबिनेट गुणगुणायला लागतं. खाली रबर किंवा जाड स्पंज दिला की आवाज जातो.

खाण्याच्या बाबतीत तो चोखंदळ नाही, पण त्याच्या सोबत्यांसाठी पथ्य पाळावं लागतं. आमच्या बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं, ते ओतलं तर ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचा बुजतील. डिस्टिल्ड पाणी, त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं तयार मिश्रण, किंवा सरळ कंपनीचं कूलंट. दुधी, मोतिया, चकाकणारी रंगीत पाणी मी कधी घेतली नाहीत. त्यातले कण मागाहून खाली बसतात आणि त्याच खाचांत अडकतात. दुसरं पथ्य धातूचं. ब्लॉक तांब्याचा असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचा घ्यावा. एकाच पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनिअम आले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म व्यवहार सुरू होतो आणि अ‍ॅल्युमिनिअम हळूहळू खाल्लं जातं.

आता त्याच्या सीलबंद चुलतभावाविषयी. एआयओ म्हणतात ते तयार संच: रेडिएटर, दोन नळ्या, प्रोसेसरवर बसणारी टोपी आणि त्या टोपीतच पंप. डेन्मार्कच्या आल्बोर्गमधल्या एसेटेक कंपनीने ही रचना रुळवली, 2009 मध्ये कोर्सेअरने एच50 या नावाने तिच्याकडचा संच बाजारात आणला आणि पाण्याचा कॉम्प्युटर सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. हे त्यांचं श्रेय मोठं आहे. चार स्क्रू, दोन वायरी, काम झालं. पण आत बहुतेकदा रेडिएटर अ‍ॅल्युमिनिअमचा आणि टोपीचा तळ तांब्याचा, दोघांतलं वैर आवरायची जबाबदारी कूलंटमधल्या रसायनांवर. रबरी नळ्यांच्या भिंतींतूनही पाणी वर्षागणिक किंचित किंचित बाहेर झिरपतं, आणि तेवढी हवा आत साठते. म्हणून रेडिएटर असा बसवावा की त्याचा माथा टोपीपेक्षा वर राहील. हवा तिथे जमते आणि पंप पाण्यात राहतो. पाच-सहा वर्षांनी पंप थकला की रेडिएटर चांगला, नळ्या चांगल्या, पंखे चांगले, आणि तरीही सगळं फेकून द्यायचं. हे मला पटत नाही. उघडता येत नाही अशा यंत्राशी माणसाचं नातं जुळत नाही.

तरी सगळ्यांनीच डी5 घरी आणावा असं मी म्हणणार नाही. माझ्या भाच्याने नवीन कॉम्प्युटर जुळवायला घेतला तेव्हा त्याने हेच विचारलं, "मावशी, प्रोसेसरला पाण्याचाच घेऊ ना?" त्याने निवडलेला प्रोसेसर एएमडीचा 7800एक्स3डी. "याला हवा पुरते रे," मी म्हणाले. त्याला पटेना. मग त्याच्यासमोर कागद घेऊन बसले.

या प्रोसेसरमध्ये खरं काम करणारा सिलिकॉनचा तुकडा साधारण 70 चौरस मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. उष्णता त्या चिमुकल्या जागेतून बाहेर पडून वरच्या धातूच्या झाकणात यायलाच धडपडते. झाकणापुढे पाणी असो की नॉक्टुआचा एनएच-डी15 सारखा सव्वा किलोच्या वरचा हवेचा कूलर असो, अडथळा आधीच होऊन गेलेला असतो. पाण्यावर पैसे घालून चार अंश मिळतील, सहा मिळतील. ग्राफिक कार्डाचं तसं नाही. 4090 या कार्डाच्या चिपचं क्षेत्रफळ 600 चौरस मिलिमीटरच्या वर, वर झाकण नाही, ब्लॉक थेट सिलिकॉनला टेकतो, आणि बाहेर काढायची उष्णता 450 वॉट. 5090 ला तर 575. इथे पाणी आपलं सगळं बळ दाखवतं. तिथे हवेच्या कूलरचे तीन पंखे किंचाळत असतात, इथे तेच कार्ड साठीच्या आत शांत बसतं. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हा महासंगणकही चिपांच्या अंगाशी द्रव नेऊनच थंड ठेवतात. उष्णता जिथे दाट असते तिथे हवेला फार लांबून यावं लागतं.

कार्ड मोठं असेल, ते तासन्‌तास राबणार असेल आणि खोली शांत हवी असेल, तर पाणी घ्यावं, आणि घ्यायचं तर उघडता येणारं. भाचा ब्लेंडरमध्ये अ‍ॅनिमेशनचं काम करतो, रात्रभर रेंडर लावून त्याच खोलीत झोपतो, आणि त्याचं कार्ड 5090. म्हणजे तो या वर्णनात नेमका बसतो. हे कळल्यावर मीच आधीचं बोलणं बाजूला ठेवलं: प्रोसेसर एकट्यासाठी पाणी नको होतं, पण कार्डासाठी वाट घालायचीच आहे तर प्रोसेसरही त्याच पाण्यावर घ्यायला एका ब्लॉकचाच खर्च.

मग रेडिएटर. एका 120 मिलिमीटर पंख्यामागे शंभर वॉट, हा मंद पंख्यांचा जुना ढोबळ हिशेब. कार्डाचे 575 आणि प्रोसेसरचे शंभरेक धरले तर सात पंख्यांची जागा हवी. 360 चे दोन रेडिएटर, म्हणजे सहा पंखे, थोडे जास्त फिरवून भागतील. कॅबिनेटमध्ये बसत असेल तर वरचा 420 चा घ्यावा. 280 चा रेडिएटर लोक उगीच टाळतात. त्याचं क्षेत्रफळ 360 च्या फार मागे नाही आणि मोठे पंखे हळू फिरतात. एवढं सगळं करूनही ते पावणेसातशे वॉट शेवटी त्याच्याच खोलीत उतरणार आहेत, एक टनाच्या एसीच्या ताकदीचा पाचवा हिस्सा त्यात जाईल, हेही त्याला सांगून ठेवलं. खिडकी लागेल.

नळ्या काळ्या, ईपीडीएम रबराच्या. दिसायला साध्या, पण ढगाळत नाहीत, उन्हाळ्यात वाकत नाहीत आणि कात्रीने कापता येतात. त्याला काचेसारख्या हव्या होत्या. दोन दिवस बोलणं झालं आणि शेवटी तो माझ्या बाजूला आला, कारण कार्ड बदललं की तसली प्रत्येक घट्ट नळी नव्याने वळवावी लागते हे त्याला स्वतःलाच दिसलं.

पंपावर मात्र त्याने काटकसर सुचवली. टाकीसकट डी5 ची किंमत एका बऱ्यापैकी सीलबंद संचाएवढी होते, त्यापेक्षा कुठल्यातरी अनोळखी नावाचा स्वस्त पंप चालेल का, म्हणाला. मी नाही म्हणाले. कार्ड तीन-चार वर्षांनी जाईल आणि त्याच्या मापाचा ब्लॉक त्याच्याबरोबर जाईल. मदरबोर्ड बदलेल, प्रोसेसर बदलेल. पाव इंची आट्यांच्या फिटिंग, रेडिएटर आणि हा पंप या तीन गोष्टी पुढच्या कॉम्प्युटरमध्येही येतील. कारखान्याचा अंदाज 50,000 तासांचा आहे. रोज आठ तास धरले तर सतरा वर्षं. आणि मधे कधी त्याने आवाज बदलला तर चार स्क्रू काढून रोटर बाहेर घ्यायचा, गोळी पुसायची, खळग्यात बसलेला गाळ ओल्या फडक्याने काढायचा आणि परत ठेवायचा. वर्षातून एकदा पाणी बदलताना हे करावंच.

त्यासाठी पंप सगळ्यात खाली बसवायचा, टाकी त्याच्या डोक्यावर, आणि त्याच्या शेजारून एक टी काढून तिला पाणी सोडायचा व्हॉल्व्ह. भाचा या व्हॉल्व्हला अजून तयार नाही. कॅबिनेटच्या काचेतून तो तेवढाच डोळ्यांत भरतो, म्हणतो. या एका बाबतीत मी ऐकणार नाहीये. व्हॉल्व्ह मागवून झाला आहे.